अमर व्हायचे, पण कोणाच्या खात्यातून?

(विज्ञाननाट्यातील एका जुन्या प्रश्नाविषयी)

मरू नये असे वाटणे ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. ती पुरी झालीच तर पुढे काय, हा प्रश्नही जवळजवळ तितकाच जुना. पुराणकारांनी तो अमृताच्या कुंभातून मांडला, विज्ञानकथाकारांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीतून मांडला, आणि नाटककारांनी तर अमर झालेल्या माणसालाच रंगमंचावर उभे करून चारचौघांदेखत त्याची उलटतपासणी घेतली. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराविषयी लिहिणार आहोत.

स्मरणिकेच्या काही वाचकांस हा विषय आगंतुक वाटेल. धम्म, शिक्षण, नोकऱ्या, आरोग्य हे आपले नेहमीचे विषय, आणि ते असायलाच हवेत. पण अलीकडे शाळाशाळांतून विज्ञान नाट्योत्सव होतात, आपली मुले त्यांत हिरिरीने भाग घेतात, आणि प्लास्टिक, पाणी व भोंदूबाबा हे तीनच विषय आलटून पालटून रंगमंचावर येतात. भोंदूबाबा आवश्यकच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तरीही एखाद्या होतकरू मुलाने किंवा मुलीने चौथा विषय मागितला तर तो हाताशी असावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

विज्ञाननाट्य म्हणजे यंत्रमानव, निळे दिवे आणि धूर असा एक समज आहे. वस्तुतः त्याचा गाभा फार साधा आहे. एक अशक्य गोष्ट शक्य झाली असे धरून चालायचे. ती एकच, दुसरी नाही. मग तिचा हिशेब प्रामाणिकपणे शेवटपर्यंत न्यायचा. आम्ही बँकेत कारकुनी करतो, त्यामुळे आम्हांला हे दुहेरी नोंदीच्या भाषेत चटकन समजते. एका खात्यात रक्कम जमा झाली की दुसऱ्या कोणत्या तरी खात्याला ती नावे पडलीच पाहिजे. पुराणात वर मिळतो तेव्हा जमा दिसते, नावे कोणाला पडले हे सहसा कोणी विचारीत नाही. विज्ञाननाट्य ते विचारते. निदान चांगले विज्ञाननाट्य तरी.

अर्थात आपली पुराणे अगदीच बेहिशेबी होती असे नाही, वाचणाऱ्याने नावेची बाजू उघडून पाहिली पाहिजे इतकेच. समुद्रमंथनाची गोष्ट घ्या. दोर दोन्ही पक्षांनी ओढला. वासुकीच्या तोंडाची, म्हणजे विषारी फूत्कारांची बाजू असुरांकडे होती. अमृत निघाले तेव्हा मात्र पंगत एकाच पक्षाची बसली, आणि त्या पंगतीत घुसून बसलेल्या राहूचे मुंडके उडवले गेले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही देवांच्या बाजूला बसून ऐकत असू. पुढे बाबासाहेब वाचले आणि बसण्याची बाजू बदलली.

मराठी रंगभूमीने या विषयाला फार लवकर हात घातला आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ हे संगीत नाटक १९१३ सालचे. त्यातील कच-देवयानीची प्रेमकथा सर्वांना ठाऊक आहे. पण प्रेमकथा क्षणभर बाजूला ठेवली तर खाली काय उरते? मेलेल्यांना उठवण्याची संजीवनी विद्या शुक्राचार्यांजवळ आहे. ती फक्त एकाच छावणीच्या ताब्यात आहे, त्यामुळे युद्धाचा तोल बिघडला आहे. दुसरी छावणी आपला तरुण माणूस शिष्य म्हणून पाठवते. असुर त्याला ठार मारून त्याची राख मद्यातून गुरूलाच पाजतात. आता शिष्याला जिवंत करायचे तर गुरूचे पोट फुटणार, आणि गुरूला वाचवायचे तर पोटातल्या शिष्याला ती गुप्त विद्या शिकवावी लागणार. एखाद्या औषध कंपनीचे सूत्र चोरण्याची कथा आजचा लेखक याहून वेगळी काय लिहिणार? मंत्राच्या जागी रेणूचे सूत्र घातले की विज्ञाननाट्य तयार.

दुसरी कथा ययातीची. तिने तर मराठी लेखकांना झपाटलेच. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी १९५९ ची, तिला पुढे १९७४ सालचे ज्ञानपीठ मिळाले. वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चे. या कथेत अमरत्व नाही, उसने तारुण्य आहे. पण हिशेब तोच. अकाली म्हातारपणाचा शाप मिळालेला बाप मुलांकडे तारुण्य मागतो. चार मुले नाही म्हणतात, धाकटा पुरू हो म्हणतो. कीर्तनकार येथे पुरूची पितृभक्ती सांगून थांबतात. गिरीश कार्नाड थांबले नाहीत. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कन्नड ‘ययाति’ नाटकात त्यांनी पुरूला नवपरिणीत बायको दिली, चित्रलेखा. नवरा एका रात्रीत म्हातारा झालेला पाहून ती विष घेते. बापाला तारुण्य जमा झाले, मुलाला नावे पडले, आणि जी या व्यवहारात कोठेच सही करीत नाही तिचा जीव गेला. जिच्याकडे कोणी संमती मागितली नाही ती बाई. हे पात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे ती वेगळ्या देशात, खऱ्या नावाने भेटणार आहे.

आणि अश्वत्थामा? तो तर आपल्या सातपुड्यातलाच. बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर तो अजून हिंडतो, कपाळाची जखम भिजवायला तेल मागतो, अशी समजूत आहे. अमरत्व हे बक्षीस नसून शिक्षाही असू शकते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही तत्त्वज्ञाने सांगावे लागले नव्हते.

हा सगळा मामला पुराणातून बाहेर काढून थेट वकिलाच्या कचेरीत नेऊन बसवला तो कारेल चापेक या चेक नाटककाराने. ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला तो याच्याच १९२१ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातून. (शब्द सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने.) नंतरच्या वर्षी, १९२२ च्या नोव्हेंबरात, प्रागमध्ये त्याचे ‘माक्रोपुलोस प्रकरण’ रंगभूमीवर आले. यानाचेक या संगीतकाराने त्याची पुढे ऑपेराही केली. आमच्या मते अमरत्वावर इतके चोख नाटक दुसरे नाही, म्हणून त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

ग्रेगोर विरुद्ध प्रूस असा एक वारसाहक्काचा दावा १८२७ पासून, म्हणजे सुमारे शंभर वर्षे चालू आहे. वादी-प्रतिवादींच्या पिढ्या गेल्या. निकाल लागण्याच्या बेताला एमिलिया मार्टी नावाची जगप्रसिद्ध गायिका वकील कोलेनाती यांच्या कचेरीत येते आणि मृत्युपत्र प्रूस यांच्या घरात नेमके कोठे ठेवले आहे ते सांगते. शंभर वर्षांपूर्वीचा जमीनदार तिला घरच्या माणसासारखा ठाऊक! पुढे वारस सिद्ध करायला लागणारा एक जुना कागदही ती हजर करते. येथेच ती सापडते. जुन्या पत्रांतले अक्षर आणि बाईचे आजचे अक्षर एकच निघते. नमुना सही जुळवणे हे ज्यांचे रोजचे काम आहे त्यांना येथे टाळी वाजवावीशी वाटेल. सर्वांचा तर्क सरळ : बाईने खोटा कागद केला. खरी गोष्ट त्याहून अवघड असते. अक्षर तिचेच, दोन्ही वेळचे.

ती मूळची एलिना माक्रोपुलोस, जन्म १५८५. बाप सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा वैद्य. सम्राटाने तीनशे वर्षे आयुष्य देणारे औषध करवून घेतले; पण आधी स्वतः पिण्याची हिंमत झाली नाही, म्हणून वैद्याच्या सोळा वर्षांच्या मुलीवर प्रयोग झाला. तेव्हापासून दर पिढीला नवे नाव घेत (आद्याक्षरे मात्र नेहमी तीच, ए आणि म) ती जगत आली आहे. वय ३३७. औषधाचा असर आता सरत चालला असून ज्या प्रियकराजवळ तिने सूत्राचा कागद ठेवला होता त्याच्या घरात तो शोधायला ती आली आहे. त्या कागदासाठी ती काहीही करते. तिच्यापायी एक तरुण मुलगा जीव देतो, तिला त्याचे काहीच वाटत नाही. गाणे गाणे नि गप्प बसणे तिला सारखेच झाले आहे. तरीसुद्धा मरायची तिला भीती वाटतेच. जगण्याचा कंटाळा आणि मरणाचे भय ही दोन्ही एका माणसात एकाच वेळी नांदू शकतात, हे चापेकने जितके स्वच्छ दाखवले तितके आम्ही कोठे पाहिले नाही.

शेवटच्या अंकात कागद टेबलावर येतो आणि त्याचे काय करायचे यावर वाद होतो. जमीनदार प्रूस म्हणतो, हे निवडक बलवान माणसांनाच द्यावे. हा आवाज ओळखीचा आहे. गुणवत्तेच्या नावाखाली आपण तो आजही ऐकतो. वकिलाचा कारकून वीतेक मात्र म्हणतो, सगळ्या मनुष्यजातीला द्या. त्याने तीनशे वर्षांची वाटणीही करून ठेवली आहे : पन्नास वर्षे बालपण आणि शिक्षण, पन्नास वर्षे जग समजून घेणे, शंभर वर्षे सर्वांसाठी काम, आणि शेवटची शंभर शहाणपणाने राहून इतरांना शिकवणे. एका कारकुनाच्या तोंडी हे घातल्याबद्दल आम्ही चापेकचे ऋणी आहोत. वकीलसाहेबांची हरकत वेगळीच आहे. ते म्हणतात, आपली सगळी व्यवस्था आयुष्य थोडे आहे या गृहीतावर उभी आहे : करार, विमा, पगार, पेन्शन, वारसा. आणि तीनशे वर्षांसाठी लग्नाला कोण उभे राहील?

या हरकतीला प्रेक्षक हसतात. बँकेत बसणारा माणूस हसणार नाही. जगातली सर्वांत दीर्घायुषी म्हणून नोंदली गेलेली व्यक्ती म्हणजे फ्रान्समधील झान काल्मां ही बाई. ती १९९७ साली १२२ व्या वर्षी वारली. १९६५ साली, ती नव्वदीची असताना, एका वकिलाने तिच्याशी करार केला : तुम्ही जिवंत असेपर्यंत दरमहा अडीच हजार फ्रँक देतो, पश्चात घर माझे. वकील तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. तीस वर्षे हप्ते भरून १९९५ साली तो वारला, घरात पाऊल न टाकता. पुढचे हप्ते त्याच्या बायकोने भरले. याच्या उलट टोकाचे उदाहरण टोकियोचे. २०१० साली कागदोपत्री १११ वर्षांच्या असलेल्या एका गृहस्थांचा सत्कार करायला अधिकारी गेले, तेव्हा ते तीसएक वर्षांपूर्वीच वारल्याचे उघडकीस आले. पेन्शन चालू होती. अमर व्हायला दर वेळी औषध लागतेच असे नाही, नोंद न झाली तरी पुरते.

आपल्याकडे दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. पूर्वी समोर उभे राहून सही केली की काम होई. २०१४ पासून यंत्रावर अंगठा ठेवून देण्याची सोय झाली. सोय चांगली आहे, दूरच्या मुलाकडे राहणाऱ्यांना फारच. पण जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या, कापूस वेचलेल्या बायांच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. यंत्राला अंगठा सापडत नाही. अशा एका आजीबाई आम्हांला म्हणाल्या होत्या, “बाबू, मी तं इथंच उभी हावो, मंग थे मशीन काऊन नाई म्हन्ते?” आता डोळ्यांवरून आणि चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, त्यांचेही काम शेवटी झाले. परंतु तीनशे वर्षे जगूनही अक्षर न बदललेली एमिलिया मार्टी, आणि सत्तर वर्षांच्या श्रमात अंगठ्याची ओळख पुसली गेलेली ही बाई, या दोघींना एकाच नाटकात समोरासमोर आणणारा लेखक आपल्या जिल्ह्यातून निघावा असे आम्हांला फार वाटते.

चापेकच्याच वेळी इंग्लंडात बर्नार्ड शॉ याच विषयावर लिहीत होता. त्याचे ‘बॅक टू मेथुसेला’ हे पाच भागांचे अगडबंब नाटक १९२१ साली पुस्तकरूपाने आले. एदेनच्या बागेत सुरू होऊन ते इसवी सन ३१,९२० पर्यंत जाते. सगळे वाचावे असा आमचा आग्रह नाही. पण त्यातील एक गंमत सांगण्याजोगी आहे. माणसाने तीनशे वर्षे जगले पाहिजे, तरच त्याला अक्कल येईल, असा सिद्धांत दोघे भाऊ मांडतात, आणि मोठमोठे राजकारणी तो ऐकून निवडणुकीत याचा उपयोग होईल का एवढेच पाहतात. प्रत्यक्षात दीर्घायुष्य लाभते ते कोणाला, तर त्या घरातल्या मोलकरणीला आणि एका सामान्य पाद्र्याला. शॉला दीर्घायुष्य हे वरदान वाटत होते, चापेकला ओझे. चापेकने प्रस्तावनेत या फरकाची दखल घेतली आहे, आणि आपल्याला कल्पना सुचली ती म्हातारपणाविषयीच्या मेचनिकोफ यांच्या सिद्धांतावरून, असेही सांगितले आहे. हे मेचनिकोफ १९०८ चे नोबेल विजेते. आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढते असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे ताकाला पृथ्वीवरचे अमृत म्हणतातच! ते स्वतः ७१ व्या वर्षी वारले.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने चापेकच्या नाटकावरून १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला, तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात अजून शिकवतात. त्याचा मुद्दा असा की, स्वभाव तोच ठेवून अनंत काळ जगलात तर घडण्यासारखे सगळे घडून जाईल, उरेल तो कंटाळा. आणि स्वभाव पार बदलत गेला तर जगतो आहे तो ‘मी’ कशावरून? युक्तिवाद बिनतोड आहे. तथापि कंटाळ्याचा भाग आम्हांला थोडा भरल्या पोटाचा वाटतो. ज्याचे अर्धे आयुष्य पाणी, रेशन आणि मुलांच्या फीच्या मागे गेले त्याची करायची कामे इतकी शिल्लक असतात की कंटाळा येण्याआधी त्याला पहिली शंभर वर्षे तरी पुरणार नाहीत.

दुसरा भाग, ‘मी’ कोणता हा, मात्र खरा अवघड आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी शोधले गेले आहे. राजा मिलिंदाने भन्ते नागसेनांना हेच विचारले होते : जन्मलेले मूल आणि पुढे वाढलेला माणूस एकच की वेगळे? नागसेनांनी रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत दिला. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत तीच नव्हे, आणि अगदी दुसरीही नव्हे. मग मी बदललो म्हणून जबाबदारी सुटते का? तर नाही. आंबे चोरणारा म्हणू लागला की लावणाऱ्याने लावली ती कोय, मी तोडली ती फळे, दोन्ही वेगळी. तरी तो सुटत नाही. थकलेल्या कर्जदाराने ‘सही करणारा मी तेव्हाचा’ असे म्हणावे, तसेच हे. बाबासाहेबांनी आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले ते उगाच नाही. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव आहे ते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी अमर आत्म्याची कल्पना बाजूला सारून, मृत्यूनंतर शरीरातील मूलद्रव्ये आपापल्या साठ्यात मिसळतात, अशा रीतीने पुनर्जन्माचा अर्थ लावला. किसा गोतमीची मोहरी तर सर्वांना पाठ आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही. तथागतांचे महापरिनिर्वाण ८० व्या वर्षी झाले. आपल्याच जिल्ह्यात, पवनारला, विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात ८७ व्या वर्षी अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला; त्या निर्णयाविषयी मतभेद होते आणि असू शकतात, परंतु आयुष्याची मुदतवाढ मिळत असताना ती नको म्हणणे ही गोष्ट धाम नदीच्या काठाला अपरिचित नाही.

विज्ञानकथांना आपल्याकडे प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप अशा टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. नारळीकर २०२५ साली गेले. कृष्णविवराजवळ काळ मंद चालतो, म्हणजे तेथे जाऊन आलेला माणूस आपल्या सोबत्यांपेक्षा तरुण राहू शकतो, हे भौतिकशास्त्र आहे, चमत्कार नव्हे. त्यासाठी तारुण्य कोणाकडून उसने घ्यावे लागत नाही. फक्त परत येईपर्यंत घरचे कोणी उरलेले नसते.

प्रयोगशाळेतली स्थिती काय आहे? लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले की माणसाच्या साध्या पेशी चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि थांबतात. दर विभागणीत गुणसूत्रांची टोके झिजतात. बुटाच्या नाडीच्या टोकाला असलेले टोपण झिजत जावे तसे. ही टोके आणि ती भरून काढणारे विकर यांवरील कामाला २००९ चे नोबेल मिळाले. मग ते विकर सर्व पेशींत चालू करून टाकावे, म्हणजे झाले, असे वाटेल. अडचण अशी की न थांबता विभागत राहणाऱ्या पेशींना आपण कर्करोग म्हणतो.

तेव्हा औषध अजून सापडलेले नाही. पण आयुष्य वाढलेच नाही असे नव्हे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या बाळाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. एका माणसाच्या हयातीत दुप्पट! कोणत्याही ऋषीने दिला नाही एवढा हा वर आहे, आणि तो लस, शुद्ध पाणी, पोटभर अन्न व सुखरूप बाळंतपण यांनी दिला. देवीचा शेवटचा रुग्ण आपल्या देशात १९७५ साली सापडला. वीतेक कारकुनाचे ‘सगळ्यांना द्या’ हे म्हणणे थोडेसे खरे झाले ते असे.

थोडेसेच. नऊ राज्यांतील आकडेवारीवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की दलितांचे आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी भरते. उत्पन्नातला फरक जमेस धरूनही ही दरी पुरती बुजत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आम्ही तो अभ्यास वाचला तेव्हा आमच्या वडिलांची आठवण झाली. ते जिल्ह्यातील एका कापड गिरणीत कताई खात्यात होते. छातीत कापसाची धूळ, रात्री खोकला, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज आईच्या अंगठ्याने गेला. तीन वर्षे ही संख्या कागदावर लहान दिसते. आमच्या घरी त्या तीन वर्षांत धाकट्या बहिणीचे लग्न झाले असते बापाच्या हाताने, आणि आम्हांला नोकरी लागलेली त्यांनी पाहिली असती.

आता ज्या बाईचे मघाशी सूचन केले तिच्याकडे येऊ. कारण काल्पनिक नाटकांच्या बाहेर, प्रत्यक्ष या जगात, एका अर्थाने अमर झालेली एक स्त्री आहे.

हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतील एक गरीब कृष्णवर्णीय स्त्री, तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या कुटुंबातली, पाच मुलांची आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार चालू असताना गाठीचा एक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला गेला. तिला विचारले नाही. आजवर माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत काही दिवसांत मरत; या मेल्या नाहीत. सुमारे चोवीस तासांत दुप्पट, पुन्हा दुप्पट. चक्रवाढ व्याज आम्ही रोज मोजतो, पण असे कधी पाहिले नव्हते. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, अवघ्या ३१ व्या वर्षी वारली आणि तिला दगड नसलेल्या थडग्यात पुरले. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या पेशींना ‘हेला’ म्हणतात. पोलिओच्या लसीची चाचणी त्यांवर झाली. त्यासाठी लागणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवण्याचे काम टस्कगी येथील संस्थेत कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञांनी केले. कर्करोग, विषाणू, गुणसूत्रे, जे म्हणाल त्या संशोधनात हेला पेशी आहेत. त्या अंतराळातही जाऊन आल्या. आपल्या मुलांच्या तोंडात पडलेल्या पोलिओच्या दोन थेंबांच्या इतिहासातही त्या बाईचा वाटा आहे.

घरच्यांना याचा पत्ता वीसएक वर्षांनी लागला. पेशी कुप्यांतून विकल्या जात होत्या, कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, आणि तिच्या मुलांपैकी काहींजवळ आजारपणाचा विमासुद्धा नव्हता. थडग्यावर दगड बसला तो २०१० साली. चित्रलेखेने निदान व्यवहार डोळ्यांनी पाहिला होता; हेन्रिएटाला तो कळलाही नाही. एमिलिया मार्टीच्या बाबतीत माणूस टिकला आणि आतले सगळे वाळून गेले. येथे माणूस गेला, मुले पोरकी झाली, आणि शरीराचा नेमका तो भाग टिकला ज्याने तिला मारले.

कोणी मुलांचे नाटक बसवणार असेल तर आमची सूचना अशी की, चापेकचा शेवटचा अंक घ्यावा आणि त्यात हिला आणावे. मूळ नाटकात सूत्राचा कागद कोणीच धडपणे हातात घेत नाही. शेवटी तो वीतेकची तरुण मुलगी क्रिस्तिना घेते आणि मेणबत्तीवर धरते. बाप ज्याची सगळ्या मनुष्यजातीत वाटणी करायला निघाला होता ते त्याच्या मुलीने जाळले. ज्या मुलाने जीव दिला तो तिचा प्रियकर होता. प्रसंग अतिशय परिणामकारक आहे आणि त्याला पात्रे फार लागत नाहीत. पण हेला पेशी जाळण्याचा प्रश्नच नाही, त्या जगभर पसरल्या आहेत आणि त्यांनी लाखो जीव वाचवले आहेत. तेव्हा मेणबत्तीऐवजी टेबलावर वही ठेवावी, जमा आणि नावे अशा दोन रकान्यांची, आणि प्रत्येक पात्राने येऊन आपली नोंद करावी. वीतेकला हिशेबनीस करावे.

त्या वहीतील शेवटची नोंद उपलब्ध आहे. तिच्या वारसांनी या पेशींवर नफा कमावणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर दावा लावला होता. त्याची तडजोड १ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाली. हेन्रिएटा असती तर त्या दिवशी तिला १०३ वर्षे पूर्ण झाली असती. तडजोडीची रक्कम किती, ते उघड करण्यात आले नाही.